लाराचे तीन जन्म आणि कुठला गेम आधी खेळायचा यावरचा वाद

"टूम रेडर सुरू करायचंय, कुठला गेम आधी खेळू?" कुणी एवढं विचारलं की आम्हा फॅन लोकांचे लगेच गट पडतात. एक गट म्हणतो २०१३ चा घे, त्यात या व्हिडिओ गेम सिरीजची नायिका लारा क्रॉफ्ट तरुण आहे, तिची गोष्ट तिथूनच सुरू होते. दुसरा म्हणतो छे, १९९६ चा पहिला गेम खेळल्याशिवाय लारा कळतच नाही. तिसरा लेजंडवाला गट, तो म्हणतो २००६ चा घे, फार जुना नाही आणि फार नवाही नाही. आणि चौथ्या गटाने लाराच्या जन्मतारखेपासून अख्खा तक्ताच मांडलेला असतो, कुठल्या गेममधली कुठली लेव्हल कुठल्या साली घडते ते सगळं. माझा सगळ्यात जास्त वाद याच चौथ्या गटाशी होतो आणि सगळ्यात जास्त जीवही त्यांच्यावरच आहे, कारण इतक्या बारकाईने गेम खेळणारी माणसं दुसरीकडे सापडत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. गेम जसे बाहेर आले त्याच क्रमाने खेळायचे आणि तीन लारांना एकमेकींना जोडायचं नाही. तिचं वय किती होतं हे बघून क्रम लावला तर गेम बनवणाऱ्यांनी आपल्यासाठी काय कधी उघड करायचं ठरवलं होतं त्याचा पार चुथडा होतो. आता हे नीट सांगायचं तर गोष्टी फोडाव्या लागणार आहेत, म्हणजे पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना नको असतील त्यांनी इथेच थांबा.

तीन लारा म्हणजे कोण ते आधी बघू. पहिली कोर डिझाइन या स्टुडिओची, १९९६ ते २००३, पहिल्या टूम रेडरपासून एंजल ऑफ डार्कनेसपर्यंत सहा गेम. दुसरी नंतरच्या क्रिस्टल डायनॅमिक्स स्टुडिओची, लेजंड २००६, अ‍ॅनिव्हर्सरी २००७, अंडरवर्ल्ड २००८. आणि तिसरी २०१३ च्या रीबूटमधली, म्हणजे गोष्ट पहिल्यापासून नव्याने सुरू केली तिथली, मग राइज २०१५ ला आणि शॅडो २०१८ ला. नाव तेच, बंगला तोच, ब्रिटिश खानदानही तेच, पण भूतकाळ बघा. पहिल्या लाराचं विमान हिमालयात कोसळतं तेव्हा ती २१ वर्षांची आहे, एकटी वाचते, चालत खाली येते, आणि मग तिला आधीचं श्रीमंती आयुष्य नकोसं होतं, आईवडील जिवंत आहेत पण त्यांनी तिला दूर केलंय. दुसऱ्या लाराचं विमानही हिमालयातच पडतं पण तेव्हा ती नऊ वर्षांची आहे आणि सोबत आई आहे, तिथल्या एका प्राचीन यंत्राला लारा हात लावते आणि त्यातून आई नाहीशी होते. तिसरीची गोष्ट वेगळीच, तिथे वडिलांचा मृत्यू आहे, त्यांना जगाने वेडं ठरवल्याचं दुःख आहे आणि ट्रिनिटी नावाची संघटना आहे. आता यातल्या कुठल्या दोन लारा एकच बाई आहेत असं म्हणायचं? एकीची आई जिवंत, दुसरीची आई पुराणकथेतल्या अॅव्हलॉनमध्ये हरवलेली.

तरीही जोडायचा मोह होतो आणि तो फॅन लोकांनाच होतो असं नाही, बनवणाऱ्यांनीही तो वाढवलाय. शॅडोच्या शेवटाचं प्रकरण आठवत असेल. लाँचच्या दिवशीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, न टाकता खेळलं तर क्रेडिट्सनंतरच्या सीनमध्ये लाराच्या टेबलावर दोन पिस्तुलं आणि जॅकलिन नॅटलाचं पत्र दिसायचं. नॅटला म्हणजे १९९६ च्या गेमची व्हिलन! म्हणजे सरळ इशारा की आता ही पोरगी पेरूला निघणार आणि पहिला गेम सुरू होणार. पॅच टाकला की ते पत्र गायब, वेगळाच शेवट. स्टुडिओने नंतर सांगितलं की बरेच शेवट विचारात होते त्यातला हा एक चुकून राहिला. मग २०२१ मध्ये सिरीजला २५ वर्षं झाली तेव्हा क्रिस्टल डायनॅमिक्सने जाहीर केलं की पुढे जुन्या आणि नव्या टाइमलाइन एकत्र आणायच्यात, आणि २०२४ ला नेटफ्लिक्सवर जी अ‍ॅनिमेटेड सिरीज आली तीसुद्धा शॅडोनंतरची, तरुण लारापासून जुन्या लारापर्यंत पूल बांधायला काढलेली. त्यामुळे "२०१३, राइज, शॅडो आणि मग १९९६" असा क्रम सांगणाऱ्यांच्या हातात पुरावे आहेत हे मी मान्य करते.

पण तो क्रम खेळून बघा. शॅडोमध्ये लारा खंजीर उचलते, त्सुनामी येते, शहर वाहून जातं, आणि अख्खा गेम ती त्या अपराधाखाली दबलेली असते, तिचा मित्र जोना तिला सांभाळतो. तिथून उठून १९९६ मध्ये जा. हॉटेलात आरामात बसलेली बाई, पैशासाठी नाही तर मजा म्हणून हे करते असं सांगणारी, कुणाला काहीही सिद्ध करून न दाखवणारी. ही आधीच्या बाईचं पुढचं वय आहे असं मानलं की मला दोन्हीकडे खोट वाटायला लागते, आधीचं दुःख वाया गेल्यासारखं होतं आणि नंतरचा बेफिकीरपणा दगडी वाटतो. १९९६ च्या लाराला कारण लागतच नाही हेच तिचं वैशिष्ट्य होतं. ती अशी का आहे हा प्रश्न त्या गेमने विचारलाच नव्हता, तो प्रश्न १७ वर्षांनी दुसऱ्या लोकांनी विचारला आणि त्याचं उत्तर म्हणून २०१३ चा गेम बनवला. उत्तर आधी ऐकलं तर प्रश्नाचं काय उरतं? २०१३ च्या गेममध्ये यामाताई बेटावर लारा पहिल्यांदा माणूस मारते, हात थरथरतात, श्वास लागतो, तो सीन ज्याला जुनी दोन पिस्तुलंवाली लारा माहीत आहे त्याला कितीतरी जास्त लागतो. आणि शेवटी व्हिलन मथायसला मारताना तिच्या दोन्ही हातात पिस्तुलं येतात तो क्षण तर जुना गेम माहीत नसेल तर नुसताच एक स्टायलिश शॉट आहे, माहीत असेल तर अंगावर काटा.

हातांचाही प्रश्न आहे, तो गोष्टीएवढाच मोठा आहे पण याबद्दल फार कुणी बोलत नाही. जुन्या टूम रेडरचं सगळं जग चौकोनांवर बांधलंय. उभ्याने उडी मारली की किती अंतर, धावत मारली की किती, कड्यावर येऊन एक पाऊल मागे घेतलं की धावत्या उडीला बरोब्बर जागा मिळते, हे सगळं ठरलेलं आहे. म्हणजे समोरची दरी बघून आपण आधी हिशोब करतो आणि मग उडी मारतो, आणि पडलो तर ती चूक आपली असते, गेमची नसते. २०१३ च्या पुढे लारा कड्याच्या जवळ गेली तरी तिला गेम अलगद ओढून घेतो, पांढरा रंग लावलेले कडे सांगतात इथे चढ, बटण दाबलं की काय महत्त्वाचं ते चमकतं. तेही सुंदर आहे, मला आवडतं, धावत्या सिनेमासारखं. पण आधी त्याची सवय झाली की जुन्या गेमच्या पहिल्याच गुहेत माणूस वैतागतो आणि बंद करतो. असे किती जण गळाले असतील या "आधी ओरिजिन खेळ" वाल्या सल्ल्याने!

रीमास्टर, म्हणजे जुन्या गेमच्या सुधारलेल्या आवृत्त्या, आल्यापासून हे सोपं झालंय. पहिले तीन १४ फेब्रुवारी २०२४ ला आले आणि चार ते सहा बरोब्बर एक वर्षाने, १४ फेब्रुवारी २०२५ ला, जुन्या लाराचा वाढदिवस तो. त्यात मॉडर्न कंट्रोल दिलेत, पण माझं ऐकाल तर जुने टँक कंट्रोलच ठेवा, ज्यात लारा आधी जागेवर वळते आणि मग सरळ पुढे जाते. लेव्हल त्याच चौकोनांच्या आहेत ना, मग मॉडर्नमध्ये लारा कुठेही वळते आणि ती उडीची अचूकता जाते. थोडा वेळ बोटं अडखळतील, मग एकदा बसलं की बसलं. आणि ग्राफिक्स जुने नवे एका बटणावर बदलता येतात ते मधूनमधून करून बघा, अंधार जुन्यातच खरा अंधार आहे. पेरूच्या लॉस्ट व्हॅलीत त्या अंधारातून टी-रेक्स येतो, आधी पावलांचा आवाज, मग तोंड, काही सीन नाही, काही सूचना नाही, आपण आणि तो.

आता तक्तावाल्यांकडे येते. त्यांचं म्हणणं निदान एका लाराच्या आत तरी घटनांच्या क्रमाने खेळा. ठीक आहे, पहिल्या लाराचं करून बघू. लास्ट रेव्हलेशन हा चौथा गेम, त्याची सुरुवात १९८४ सालच्या अंगकोर वाटला होते, १६ वर्षांची लारा आणि तिचा गुरू व्हॉन क्रॉय. म्हणजे चौथा गेम सुरू करायचा, कंबोडिया संपला की थांबायचं. मग पाचवा क्रॉनिकल्स काढायचा, त्यातला आयर्लंडचा भाग खेळायचा कारण तिथेही लारा १६ चीच आहे, पण तो भाग गेममध्ये तिसरा येतो. मग त्याच गेममधला पहिला, रोमचा भाग, कारण त्यात लार्सन आणि पिएर, पहिल्या गेममधले लाराचे शत्रू, जिवंत आहेत म्हणजे तो १९९६ च्या गेमच्या आधी घडतो. आणि त्यानंतर कुठे पहिला गेम! हे असं कोण खेळणार? आणि खेळलं तरी हाती काय लागणार? क्रॉनिकल्स हा मुळात शोकसभेचा गेम आहे. लास्ट रेव्हलेशनच्या शेवटी पिरॅमिड कोसळतो, लारा आत राहते, सगळे धरून चालतात की ती गेली, आणि मग तिच्या बंगल्यात तिचे जवळचे लोक बसून तिच्या आठवणी सांगतात. रोम, पाणबुडी, आयर्लंड, न्यूयॉर्क या चार आठवणी आहेत, आणि आठवणी कधी सालाप्रमाणे येतात का? लारा गेलीय हे मनात धरून रोममध्ये लार्सनला परत बघायचं, ज्याला आपण पहिल्या गेममध्ये मारून आलोय, ती जी काही भावना आहे तीच तर त्या गेमची कमाई आहे. नाहीतर गेम म्हणून क्रॉनिकल्स सहापैकी सगळ्यात थकलेला आहे हे मीही म्हणेन. दरवर्षी एक गेम काढून कोरची टीम इतकी दमली होती की त्यांनी लाराला मारायचंच ठरवलं, हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि ते दमणं खेळताना जाणवतं.

एंजल ऑफ डार्कनेस लोक गाळायला सांगतात. गाळू नका. २००३ ला तो अर्धवट अवस्थेत बाहेर आला हे खरं, त्यानंतर सिरीज कोरच्या हातून गेली आणि क्रिस्टलकडे आली. पण पॅरिसच्या पावसात व्हॉन क्रॉयच्या खुनाचा आळ घेऊन पळणारी लारा दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही. पिरॅमिडमधून ती वाचली कशी हे तो गेम कधीच धड सांगत नाही आणि तरीही ती बदललीय हे तिच्या बोलण्यातून कळतं. आणि तो खेळलेला असला की लेजंड का तसा आहे हे लगेच समजतं. एवढा अंधार झाल्यावर लेजंडमध्ये ऊन आहे, कानात तिचे मदतनीस झिप आणि अ‍ॅलिस्टर सतत बोलतायत, लारा हसतेय, बोलिव्हियाच्या कड्यावर सुरुवातीलाच मोकळं वाटतं. तो मोकळेपणा हे एंजल ऑफ डार्कनेसला दिलेलं उत्तर आहे.

आणि आता खरं भांडण. लेजंड आधी की अ‍ॅनिव्हर्सरी आधी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अ‍ॅनिव्हर्सरी म्हणजे पहिल्या गेमचीच नवी मांडणी, म्हणून लाराच्या आयुष्यात ती आधी घडते, पण बाहेर आली लेजंडनंतर एका वर्षाने. अंडरवर्ल्ड दोन्हीचा पुढचा भाग आहे. अ‍ॅनिव्हर्सरी आधी म्हणणाऱ्यांचं सगळ्यात भारी म्हणणं असं, की लेजंडच्या शेवटी लाराला कळतं आई कुठे गेलीय आणि अंडरवर्ल्ड थेट तिथूनच ते सूत उचलतो, मग मध्ये अ‍ॅनिव्हर्सरी घुसवून ते सूत तोडायचं कशाला? दुसरं म्हणजे लार्सनचा सीन. अ‍ॅनिव्हर्सरीमध्ये लारा लार्सनला मारते आणि मग आपल्या हातांकडे बघत राहते, हा तिचा पहिला माणूस. १९९६ मध्ये हेच किती सहज झालं होतं. मग पुढे लेजंडमध्ये ती भाडोत्री सैनिकांना पटापट मारत जाते, तर हा बदल क्रमाने दिसायला नको का, असं ते विचारतात.

हे म्हणणं वजनदार आहे, मी उडवून लावणार नाही. पण मला उलटं वाटतं. लेजंड आधी खेळताना आपण काहीही विचार न करता ट्रिगर दाबतो, घानात, कझाकस्तानात, टोकियोत, माणसं पडतात आणि झिप विनोद करतो. मग अ‍ॅनिव्हर्सरी येते आणि शेकडो गोळ्या झाडून झाल्यावर गेम आपल्याला मागे नेऊन सांगतो की बघ, पहिल्यांदा असं झालं होतं. त्या क्षणी लारा आपल्या हातांकडे बघते आणि आपण आपल्या. उलट क्रमाने खेळलं तर तो सीन फक्त एक पायरी होतो, पुढच्याच गेममध्ये ती विसरते आणि आपणही विसरतो.

सूत तुटण्याबद्दल म्हणाल तर अंडरवर्ल्ड आईच्या शोधाइतकाच नॅटलाचा गेम आहे, नॅटला त्यात कैदेत बसून अर्ध्या गोष्टीची सूत्रं हलवते. ती कोण, काय करू शकते, तिच्यावर विश्वास ठेवणं किती धोक्याचं, हे ताजं असायला हवं, आणि ते ताजं राहतं अ‍ॅनिव्हर्सरी नुकतीच संपवलेली असली तर. शिवाय लेजंडमध्ये त्या लहान मुलीच्या हातून आई गेली हे बघून झाल्यावर अ‍ॅनिव्हर्सरीची शांतता वेगळीच ऐकू येते. त्यात कानात कुणी बोलत नाही. मोठमोठ्या रिकाम्या खोल्या आणि लाराची पावलं. लेजंडच्या गप्पांनंतर हा एकटेपणा अंगावर येतो. आणि खेळण्याच्या बाजूनेही तेच, लेजंड छोटा आणि सोपा आहे, ग्रॅपल, म्हणजे दोरीचा आकडा, वगैरे सगळं शिकवतो, अ‍ॅनिव्हर्सरी त्याच हालचाली घेऊन कोडी अवघड करते. अवघडाकडून सोप्याकडे गेलं तर लेजंड बिचारा पोकळ वाटायला लागतो आणि तो तसा नाही.

अ‍ॅनिव्हर्सरीच्या आधी १९९६ चा गेम खेळलेला असावाच, याचंही कारण देते. ग्रीसमधली सेंट फ्रान्सिस फॉली आठवा, ती खोल उभी खोली आणि चार दारं. जुन्या गेममध्ये त्या दारांवर नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमोक्लिस आणि थॉर अशी नावं आहेत. ग्रीसमध्ये थॉर! अ‍ॅनिव्हर्सरीत क्रिस्टलने ते नीट केलं, थॉरच्या जागी हेफिस्टस आला आणि नेपच्यूनचा पोसायडन झाला. आणि मग पुढच्याच गेममध्ये, अंडरवर्ल्डमध्ये, लारा खुद्द थॉरचा हातोडा घेऊन फिरते. हे दोन्हीमधलं बोलणं ज्याने जुना गेम खेळलाय त्यालाच ऐकू येतं. टी-रेक्सचंही तसंच, अ‍ॅनिव्हर्सरीत तो मोठा बॉस झालाय, सीन आहे, चकवून आपटवायचं तंत्र आहे, मजा येते, पण अंधारातल्या त्या पावलांची भीती जुन्याचीच.

२०१३ च्या लाराच्या तीन गेममध्ये वादच नाही, सरळ ओळीने खेळा, फक्त राइजमधलं ब्लड टाइज हे जोड प्रकरण सोडू नका. त्यात हल्ले नाहीत, मारामारी नाही, लारा पडक्या क्रॉफ्ट मॅनरमध्ये आईवडिलांची पत्रं वाचत फिरते, आणि मला विचाराल तर त्या तीन गेममधलं सगळ्यात चांगलं लिखाण तिथे आहे. हे तीन गेम तुम्ही आधी खेळले असतील तरी काही बिघडलेलं नाही, त्यांना त्यांच्या जागी राहू द्या आणि १९९६ सुरू करताना ही वेगळी बाई आहे असं समजून नव्याने ओळख करून घ्या.

जुना गेम अजिबातच झेपत नसेल तर लेजंड, अ‍ॅनिव्हर्सरी, अंडरवर्ल्ड असं करा आणि मग परत १९९६ कडे वळा, तोपर्यंत जागा ओळखीच्या झालेल्या असतील आणि टँक कंट्रोलची भीती कमी वाटेल. १९९६ वाल्या जुन्या मालिकेतल्या तिसऱ्या गेमनंतर त्याचा जोड भाग लॉस्ट आर्टिफॅक्ट नक्की खेळा, रीमास्टरमध्ये आहे, तिसऱ्याची गोष्ट तो पुढे नेतो आणि बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं.

आणि ज्यांनी अ‍ॅनिव्हर्सरी आधी आणि लेजंड नंतर खेळलाय त्यांना मला खरंच विचारायचंय, लेजंडमध्ये पहिल्यांदा माणसांवर गोळ्या झाडताना तुम्हाला लार्सन आठवला होता का? आठवला असेल तर माझा वरचा निम्मा युक्तिवाद ढासळतो, आणि मला ते तुमच्याकडून सविस्तर ऐकायचंय.